तीन डब्यांतलं तेल

मिस्त्रीला सगळे पाठीमागे 'नाक' म्हणत. "गाडी नाकाला दाखवलीस का?" असं एक ड्रायव्हर दुसऱ्याला विचारायचा आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मिस्त्रीला तर मुळीच नाही. उलट कुणी नुसतं 'मिस्त्री' म्हणून विचारत आला की, हा माणूस नवखा दिसतो, असं तो मनातल्या मनात ठरवून टाकायचा.

नाव पडलं होतं ते तेलामुळे. इंजिनाचं तेल बदलायचं तर बाकीचे मिस्त्री डब्यावरचा आकडा वाचतात आणि ओतून मोकळे होतात. हा आधी वास घ्यायचा. झाकण उघडून डबा नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचे, मग एक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा आणि निकाल द्यायचा. निकालही साधा नाही. "हे तेल चिडकं आहे. जरा तापलं की पाणी होईल." "हे आळशी. इंजिन उठलं तरी हे झोपलेलंच असेल." आणि क्वचित, अगदी मेहेरबानी केल्यासारखं, "हे शहाणं."

ही कीर्ती कमवायला चाळीस वर्षं लागली आणि घालवायला एक ताप पुरला. गेल्या हिवाळ्यात मिस्त्री आठवडाभर अंथरुणाला खिळला होता. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना वासही सोबत घेऊन गेला. पहिले काही दिवस त्याला वाटलं, सर्दी आहे, निवळेल. सर्दी निवळली. पण गॅरेजात पेट्रोल सांडलं तर ते आता त्याला पायाला गार लागल्यावर कळायचं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकासमोर डबा नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि मिटण्याआधी डब्यावरचा आकडा हळूच वाचून ठेवायचा. चोरी पचत होती. फक्त सकाळी दाढी करताना आरशात स्वतःच्याच नाकाकडे बघायची त्याला लाज वाटायची.

अशात एका गुरुवारी डॉक्टरांच्या बायकोनं तीन डबे आणून त्याच्या दारात ठेवले.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आता ते नव्हते, त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाला एका दिवसाची तरी मोकळी हवा हवी, असं म्हणून त्यांनी बत्तीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या वकिलाकडून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. गडद हिरवी, दोनच माणसांची, वरचं कापडी छत मागे सारता येईल अशी आणि इतकी बुटकी की आत बसलं की रस्ता बुडाला लागतो की काय असं वाटावं. गाडी तेव्हाच पंचवीस वर्षांची होती. मिस्त्रीनं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्वतः नुकता चाळिशीला आला होता, आणि या वयात प्रेमात पडणं बरं दिसत नाही हे ठाऊक असूनही तो पडला.

पहिल्या वर्षी डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं, "मिस्त्री, हिला कुठलं तेल पाजायचं?" आणि मिस्त्रीनं आपल्या मनानं घातलं होतं. दुसऱ्या वर्षापासून मात्र वेगळीच पद्धत पडली. थंडी सुरू होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी डॉक्टर गाडी घेऊन यायचे आणि सोबत तीन पत्र्याचे डबे आणायचे. तिन्हीवर पांढरा रंग फासलेला. एकाच्या कडीला लाल दोरा, दुसऱ्याच्या हिरवा, तिसरा बिनदोऱ्याचा. "नाव वाचलं की नाक प्रामाणिक राहत नाही," डॉक्टर म्हणायचे. "आता सांगा यातलं कुठलं." मग मिस्त्री हात पुसून पुढे यायचा. डॉक्टर हात मागे बांधून, रोग्याच्या नातेवाइकासारखं तोंड करून उभे राहायचे. शेजारचा बॅटरीवाला चहाचा ग्लास आणि स्वतःचं स्टूल घेऊन बघायला यायचा. मिस्त्री एक डबा चिडका ठरवायचा, एक आळशी ठरवायचा आणि तिसरा शहाणा. शहाणा इंजिनात जायचा, उरलेले दोन डॉक्टर परत घेऊन जायचे. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. मिस्त्रीच्या आयुष्यात त्याच्या लग्नासकट दुसरी कुठलीही गोष्ट इतकी नेमानं आणि विनातक्रार पार पडली नव्हती.

"डबे आजच ठेवून जाते," डॉक्टरांची बायको त्या गुरुवारी म्हणाली. मिस्त्री त्यांना वहिनी म्हणायचा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, काटक, आणि बोलताना समोरचा फळ्यापाशी उभा आहे अशा नजरेनं बघणाऱ्या. "रविवारी गाडी घेऊन येते. तेल घाला आणि सोमवारी मी लेकीकडे निघते."

"कशानं?"

"कशानं म्हणजे? गाडीनं. घाटातून."

"एकट्या?"

"मग काय दोन पहारेकरी घेऊ सोबत? सीटच दोन आहेत तिला."

मिस्त्री डब्यांकडे बघत राहिला. वहिनी गाडी शिकल्या त्याच मुळी साठीनंतर. डॉक्टर गेल्यावर गाडी विकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. विकणं सोडाच, त्या दर रविवारी ती नदीपर्यंत फिरवून आणत होत्या. गिअर टाकताना असा आवाज काढायच्या की बॅटरीवाला कानात बोटं घालायचा.

"लेकीला सांगून ठेवलंय," वहिनी म्हणाल्या, "तुझ्या बाबांची गाडी तुझ्या दारात आणून उभी करते म्हणून. तेवढं तेल नीट निवडा, मिस्त्री. घाटात मला काही कळणार नाही."

त्या गेल्या आणि मिस्त्रीनं सवयीनं लाल दोऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून नाक आत खुपसलं. काही नाही. हिरवा. काही नाही. तिसरा उघडायचं त्याच्या जिवावर आलं.

आता इथे तेलाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. नव्या गाडीला नसतं एवढं. पण या गाडीच्या इंजिनात एक दांडा फिरतो, त्याला लांबट उंचवटे असतात, आणि एकेक उंचवटा फिरताना खालच्या वाटीला दाबतो तेव्हा झडप उघडते. नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी मधे एक छोटं चाक बसवतात. जुन्या गाडीत लोखंड सरळ लोखंडावर घासतं. दोघांच्या मधे असतो तो फक्त तेलाचा पापुद्रा आणि त्यात मिसळलेलं चिमूटभर जस्त. पापुद्रा पातळ पडला किंवा जस्त कमी पडलं की उंचवटे झिजायला लागतात, आणि घाटात, चढावर, तापलेल्या इंजिनात तर बघायलाच नको. चुकीच्या डब्याला शहाणं म्हटलं तर वहिनी अर्ध्या घाटात अडकणार, आणि डॉक्टरांची गाडी संपणार. नाक गेलंय असं कबूल केलं तर मिस्त्री संपणार. दोन्ही संकटं एकाच वेळी घशाशी आली होती.

शुक्रवारी तो, हिच्याजोगं खात्रीचं तेल मिळतं का बघायला, तेलाच्या दुकानात गेला. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर बोट फिरवत बसला होता. मिस्त्रीनं गाडीचं वर्ष सांगितलं.

"ही गाडी यादीतच नाही," दुकानदार म्हणाला.

"यादी तुझी आहे. गाडी माझ्यासमोर उभी राहणार आहे."

"मग हे घ्या. पाच-तीस, सिंथेटिक. सगळ्यात भारी. सगळ्यांना चालतं."

"सगळ्यांना चालतं ते हिला चालत नाही," मिस्त्री म्हणाला. "हे पातळ. नव्या इंजिनातल्या बारीक फटींसाठी केलेलं. हिच्या फटीतून ते गळून जमिनीवर येईल. आणि धुराड्यातली जाळी खराब होते म्हणून जस्तही कमी केलंय यात. हिला जाळीच नाही, तिला जस्त पाहिजे."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मनापासून कौतुकानं म्हणाला, "एवढं कळतंय तर आमच्याकडे कशाला आलात? तुमचं नाक आहे की."

मिस्त्री पायऱ्या उतरला. बोलणं चांगल्या मनानं आलं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं तिन्ही डबे स्वयंपाकघरात आणून ओट्यावर मांडले. बायको भांडी विसळत होती.

"हे काय?"

"काम आहे."

"गॅरेज जळालं वाटतं."

"गॅरेजात बॅटरीवाला येऊन बसतो." तो जरा थांबला. "अगं, मला एक सांगायचंय तुला. माझं नाक..."

"गेलंय," बायको म्हणाली. "माहितीये मला. परवा दूध करपून घरभर धूर झाला तरी तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. त्याच्या आधी दोनदा मी मुद्दाम करपवून बघितलं."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आठ महिने बघितली." तिनं हात पुसले. "बरं, आता यांचं काय करायचंय?"

मिस्त्रीला एकदम हलकं वाटलं आणि ते लपवण्यासाठी तो पिशवीत हात घालून नरसाळं शोधायला लागला. नरसाळ्याच्या तोंडाशी त्यानं जुन्या कार्ब्युरेटरमधली पितळेची जेट बसवून आणली होती, म्हणजे भोक अगदी नेमकं. तेल जाड असेल तर वेळ लावेल, पातळ असेल तर पटकन उतरेल. नाकाला कळत नसेल तर घड्याळाला कळेल. एक चहाचा कप तेल मोजून ओतायचं आणि कप रिकामा व्हायला किती लागतं ते बघायचं. आधी थंड, मग गरम पाण्यात तापवून. कारण तेलाची खरी जात तापल्यावरच दिसते.

"तू भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघ," तो म्हणाला. "मी म्हटलं की सुरू कर."

"हा कप मी पुन्हा चहाला वापरणार नाही."

"नको वापरूस."

"पातेलंसुद्धा नाही."

"बरं बाई."

लाल दोरा एक मिनिट चाळीस सेकंदांत उतरला. हिरवा एक मिनिट एक्केचाळीस. बिनदोऱ्याचा पुन्हा एक मिनिट चाळीस. मिस्त्रीनं भुवया चढवल्या. मग तिन्ही कप एकाच पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवले, बोटानं चाचपून सारखे तापलेत याची खात्री केली आणि पुन्हा ओतले. बावीस. बावीस. बावीस.

"नरसाळं बिघडलंय," मिस्त्री म्हणाला.

"नरसाळ्यात बिघडण्यासारखं काय असतं?"

त्यानं गॅरेजातून नव्या गाड्यांचं पातळ तेल आणलं होतं, ते कपात घेऊन तापवलं आणि ओतलं. नऊ सेकंदांत कप रिकामा. नरसाळं शाबूत होतं. मग त्यानं टीपकागदाचा एक तुकडा घेऊन त्यावर तिन्ही डब्यांतला एकेक थेंब सोडला. तिन्ही डाग सारख्याच चालीनं पसरले, सारख्याच ठिकाणी थांबले, तिन्हीच्या कडा सारख्याच पिवळ्या. एकाच घरच्या तीन बहिणी जशा एका रांगेत फोटोला उभ्या राहतात तसे ते डाग शेजारी शेजारी दिसत होते.

बायको त्याच्या खांद्यावरून बघत होती. "मला तेलातलं काही कळत नाही," ती म्हणाली, "पण हे एकच आहे. तिन्हीत एकच तेल आहे."

मिस्त्री खुर्चीवर बसला. आणि मग ताडकन उठला.

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मला मामा बनवला! मी तिथे डोळे मिटून एकाला चिडका म्हणतोय, एकाला शहाणा म्हणतोय, आणि हा माणूस तोंड वर करून ऐकतोय! दात उपटतात तसं नाक उपटून हातात दिलं माझ्या!"

"ओरडू नका. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! आणि मला तर फरक लागायचा गं. शपथेवर सांगतो, लागायचा. लाल दोरा मला नेहमीच जरा तिखट वाटायचा."

बायकोनं हसू दाबायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती लगेच गप्प झाली.

"डॉक्टर कधी हसले तुम्हाला?" तिनं विचारलं.

मिस्त्रीनं आठवून पाहिलं. डॉक्टर बॅटरीवाल्याच्या विनोदांना हसायचे, स्वतःच्या विनोदांना तर त्याहून जास्त. पण डबे मांडले की नाही. तेव्हा ते इतके गंभीर असायचे की मिस्त्रीला वाटायचं, दवाखान्यातसुद्धा हे इतकं लक्ष देत नसतील.

"नाही," तो म्हणाला.

"मग चेष्टा कसली? चेष्टा करणारा माणूस एकतीस वर्षं हसू आवरतो होय? पहिल्या वर्षीही तीन डबे होते?"

"पहिल्या वर्षी एकही नव्हता. पहिल्या वर्षी मीच..."

आणि मिस्त्री तिथेच अडखळला.

पहिल्या वर्षी त्यानंच घातलं होतं. तेव्हा बाजारात पातळ, सोनेरी तेल नवीनच आलं होतं, नव्या गाड्यांसाठी. त्याला धुतलेल्या कपड्यांसारखा स्वच्छ वास यायचा आणि मिस्त्री त्या वासावर भाळला होता. "हलकं तेल, हलकं इंजिन," असं म्हणून त्यानं ते डॉक्टरांच्या गाडीत ओतलं होतं. आठ महिन्यांनी डॉक्टर सासुरवाडीला गेले असताना गाडी टकटक वाजायला लागली आणि तिथल्या गॅरेजवाल्यानं इंजिन उघडून दांडा बदलला. परत आल्यावर डॉक्टरांनी जुना दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून मिस्त्रीला आणून दाखवला होता. उंचवटे झिजून सपाट झालेले. मिस्त्रीनं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "लोखंडच कच्चं होतं, डॉक्टरसाहेब. कारखान्याची चूक." डॉक्टर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले होते. मग म्हणाले होते, "असेल. तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

त्यानंतर मिस्त्रीनं तसे झिजलेले दांडे आणखी कितीतरी पाहिले. दुसऱ्यांच्या गाड्यांतले. प्रत्येक वेळी त्यानं मालकाला तोंडावर सुनावलं होतं, "तेल चुकलं तुमचं." एवढ्या वर्षांत एकदाही त्याला वर्तमानपत्रातला तो दांडा आठवला नव्हता. आठवणीला बरोबर कळतं, कुठल्या दारावर थाप मारायची नाही ते.

"त्यांना तेव्हाच कळलं होतं," तो बायकोला म्हणाला. "दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलंच असणार. गाडी मी मारली होती गं. आणि ते मला बोलले नाहीत. मी कुठलाही डबा निवडला तरी चुकू नये, एवढी सोय केली."

बायकोनं त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्यानं तो उचलला नाही. त्याला डॉक्टरांची इतकी आठवण आली, जितकी अकरा महिन्यांत आली नव्हती. मागे बांधलेले हात, कोटाच्या खिशातून डोकावणारा रुमाल, निकाल ऐकल्यावर "वा!" म्हणायची पद्धत. चूक झाकायला तीन डबे रंगवायचे, दोरे बांधायचे आणि मग "वा!" म्हणायचं, हे काम सोपं नव्हतं. मिस्त्री ओट्याला टेकून बराच वेळ उभा राहिला.

रविवारी सकाळी बॅटरीवाला सगळ्यात आधी हजर. चहाचा ग्लास, स्टूल, पाय पसरून बसण्याची जागा, सगळं दरवर्षीप्रमाणे. वहिनी आल्या, गाडी दारात आणून उभी केली, दुसरा गिअर पडताना नेहमीचा आवाज झाला. त्या उतरल्या आणि डॉक्टर जिथे उभे राहायचे तिथेच जाऊन उभ्या राहिल्या. हात मात्र पुढे होते, एकमेकांत गुंतवलेले.

मिस्त्रीनं डबे मांडले. आणि झाकण न उघडता म्हणाला, "मला वास येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून."

बॅटरीवाला मोठ्यानं हसला. मग त्यानं इकडे तिकडे बघितलं, कुणीच हसत नाही असं दिसल्यावर ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे? मग गेल्या महिन्यात माझ्या टेम्पोत वास घेऊन काय ओतलंत?"

"आकडा वाचून ओतलं."

बॅटरीवाल्यानं यावर विचार केला. "टेम्पो तर उत्तम चाललाय," तो म्हणाला. "मग आकडाच वाचत जा की." एवढं बोलून त्यानं उरलेला चहा संपवला, आणि आज गंमत नाही असं पाहून स्टूल उचलून आपल्या दुकानात निघून गेला. मिस्त्री त्याच्या पाठीकडे बघत राहिला. ज्या नावासाठी आठ महिने झोप उडाली होती, ते नाव एका घोटात संपलं होतं, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "तिन्हीत एकच तेल आहे. हेही कळलंय मला."

वहिनी गाडीच्या मडगार्डवर टेकल्या. "कधी?"

"काल. नरसाळ्यानं."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि एवढा मोठा श्वास सोडला की जणू डबे त्याच डोक्यावर घेऊन आल्या होत्या. "म्हणूनच तीन दिवस आधी आणून ठेवले. म्हटलं, तुमचं तुम्हाला कळलं तर मला सांगावं लागणार नाही. गुरुवारी येताना रस्त्यात तीनदा म्हणून पाहिलं, मिस्त्री, असं असं आहे. तिन्ही वेळा चुकलं."

"उरलेल्या दोन डब्यांचं काय करायचे डॉक्टरसाहेब?"

"जपून ठेवायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्यापुढे. दोरे तेवढे बदलायचे." त्यांनी बोटानं हिरवा दोरा दाखवला. "गेल्या वर्षी हा चिडका होता. त्याच्या आधीच्या वर्षी बहुतेक आळशी. यंदाचा बिनदोऱ्याचा मी आणला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, वीस-पन्नास, खनिज, जस्तवालं. तेच दरवर्षी. नवीन डब्याला रंग मी दिलाय, म्हणून ओघळलाय बघा."

"मला एकदा तरी सांगायचं ना."

"मी भांडले त्यांच्याशी. किती वेळा. म्हटलं, मोठा माणूस आहे तो, सांगा सरळ." वहिनी जमिनीकडे बघत होत्या. "ते म्हणाले, सांगितलं तर तो उद्यापासून प्रत्येक गाडीला घाबरत हात लावेल. एका दांड्यापायी मी एक चांगला मिस्त्री मोडणार नाही."

मिस्त्रीनं गाडी लाकडाच्या उतरत्या फळ्यांवर चढवली, खाली शिरला, नट सैल केला आणि जुनं तेल तसराळ्यात सोडलं. काळं, कोमट, बारीक धारेनं ते येत राहिलं. गाडीखाली पडून माणूस काय करतो ते बाहेरच्याला दिसत नाही, ही त्या जागेची एक सोय आहे. मग त्यानं बाहेर येऊन फिल्टर बदलला आणि बिनदोऱ्याचा डबा उचलून तेल ओतलं. तेलाची पातळी मोजायची काडी काढून दोनदा पाहिली. वहिनींना इंजिन चालू करायला सांगितलं, लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतले उंचवटे एकामागून एक आपापल्या वाट्यांवरून फिरत होते, कुठे टकटक नाही, कुठे खरखर नाही. सत्तावन्न वर्षांचं इंजिन स्वतःशी गुणगुणत होतं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "नदीपर्यंत जाऊन येऊ. चढावर ऐका एकदा."

"कपडे तेलकट आहेत माझे."

"गाडीपण तेलाचीच आहे. बसा."

तो बसला. रस्ता खरंच बुडाला लागेल असं वाटत होतं. सकाळचं ऊन दुकानांच्या बंद दारांवर पडलं होतं, वारा कानांवर आपटत होता. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, इंजिन तापलं. पहिल्या चढावरही त्याचा सूर बदलला नाही. वहिनी दोन्ही हातांनी चाक गच्च धरून, नाकासमोर बघत चालवत होत्या.

"वहिनी," मिस्त्री म्हणाला. "ती पहिल्या वर्षीची चूक माझी होती. मी त्यांना म्हणालो, कारखान्याची आहे. त्यांना सॉरी म्हणायचं राहूनच गेलं हो. आता कुणाला म्हणू?"

वहिनींनी मान वळवली नाही. समोर बघतच त्या म्हणाल्या, "मला म्हणा."

मिस्त्रीला हे असं मोठ्यानं म्हणायची सवय नव्हती. सत्तरी उलटून गेली तरी नव्हती. त्यानं मांडीवरचे हात एकमेकांत धरले, समोरच्या काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "केलं माफ."

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि वाऱ्यानं ते कानांकडे पळालं. तेवढ्यात चढ वाढला, वहिनींनी तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, आणि खालून असा कर्कश आवाज आला की रस्त्याकडेचं कुत्रं उठून पळालं. वहिनींनी दचकून त्याच्याकडे पाहिलं, त्याचे ओले डोळे पाहिले आणि स्वतःचेही पुसले.

"आता तुम्ही मला माफ करा," त्या म्हणाल्या.